पहिलटकरीण नेमकं कोणाला म्हणायचं? (आणि गर्भपात, पोट पडणं वगैरे)

शब्दाबद्दलच विचारतेय, सांत्वन नको प्लीज, ते वर्षभर भरपूर झालंय. परवा दवाखान्यात नाव घालायला गेले तर सिस्टरनी वर न बघताच विचारलं, पहिलटकरीण का? आणि मला उत्तरच देता येईना. मागच्या वर्षी एकोणतिसाव्या आठवड्यात बीपी इतकं वाढलं की सिझर करून बाळ काढावं लागलं, मुलगी, 910 ग्रॅम, चार दिवस काचेत होती आणि गेली. जन्माचा दाखला आणि मृत्यूचा दाखला नवऱ्याने एकाच खिडकीवरून आणले, जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा. मग मी पहिलटकरीण की नाही? सासूबाई शेजारून म्हणाल्या, हो म्हण गं, कशाला उगाच. पण हो म्हटलं की ती झालीच नव्हती असं होतं ना.

डॉक्टरांनी केसपेपरवर जी टू पी वन एल झिरो लिहिलं. म्हणजे दिवस दोनदा गेले, बाळंतपण एक, हयात मूल नाही. इतकं कोरडं, पण तेच मला सगळ्यात बरं वाटलं. मराठीत असं काही आहे का? आणि दुसरं, नात्यातल्या बायका सर्रास "तिचा गर्भपात झाला" म्हणतात. रडलेलं मूल होतं हो ते, बारीक, मांजराच्या पिल्लासारखं, पण रडली होती.

----

मी लेबर रूमला आहे, 14 वर्षं. ताई, तुम्ही पहिलटकरीण नाही. मूल जगलं की नाही याचा त्या शब्दाशी संबंध नाही, बाळंतपण झालंय का एवढंच आम्हाला हवं असतं. आणि सासूबाई काही म्हणोत, हे लपवू नका. आधीचं सिझर, वाढलेलं बीपी, लवकर झालेलं बाळ, हे तिन्ही या वेळच्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी कळायला हवं, कारण बीपीचा त्रास परत होऊ शकतो आणि त्यासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात ती शक्यतो सोळा आठवड्यांच्या आत सुरू करतात. स्वतःहून घेऊ नका, विचारा. वर न बघता विचारलं त्याबद्दल आमच्या जमातीतर्फे सॉरी, बाहेर चाळीस जणी बसलेल्या असतात.

----

गर्भपात या शब्दावर मला बरंच बोलायचंय. पात म्हणजे पडणं, आपोआप. उल्कापात, हिमपात, अश्रुपात, यात कोणी काही पाडत नाही. मुद्दाम पाडायचं तर ते पातन. म्हणजे मुळात गर्भपात हा बिचारा निरपराध शब्द, पण दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि पेपरात "गर्भपात केला" इतकं वाचलं आपण की आता "झाला" म्हटलं तरी लोक करवून घेतला असंच ऐकतात. बोली मराठीत हा घोळ नव्हता, पोट पडलं आणि पोट पाडलं, एका कान्याने काम भागायचं. शहरात पोट पडलं म्हणायला लाज वाटते म्हणून आपण मिसकॅरेज म्हणतो.

आणि ताईंच्या बाबतीत तर दोन्ही चूक. पराशरस्मृतीत सुतकाच्या हिशोबासाठी मर्यादा दिल्यात, चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, त्यापुढे प्रसूती. गंमत म्हणजे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातही मिसकॅरेज म्हणजे सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचंच. एकोणतीस म्हणजे प्रसूती, स्मृतीनेही आणि कायद्यानेही.

----

वरच्या कायद्यावरून आठवलं. माझ्या बायकोच्या ऑफिसात क्लार्कने रजेच्या अर्जावर स्वतःच "गर्भपात" लिहिलं आणि सहा आठवडे मंजूर केले. तीस आठवड्यांचं बाळ होतं. शब्द बदलून घ्यायला तीन चकरा, आणि तिसऱ्या चकरेला तो विचारतो, म्हणजे नक्की काय झालं होतं? असो.

----

मी शेतकरी माणूस, जनावराची उपमा देतोय, राग मानू नका. गाय मुदतीआधी टाकते तेव्हा आम्ही "गाभडली" म्हणतो, त्यात तिला दोष नाही, माणसाच्या बाईला मात्र लगेच "काय उचललंस, कुठं गेलीस" सुरू होतं. आणि पहिलारू म्हणजे पहिल्या वेताची. वासरू मेलं तरी वेत मोजतात, पुढच्या खेपेला ती दुसऱ्या वेताचीच. बाजारात म्हैस विकताना कोणी तिला पुन्हा पहिलारू सांगितली तर भांडण होतं.

----

जुन्या शब्दांत मृतवत्सा आहे, म्हणजे जिची मुलं जगत नाहीत ती, पण तो मला अजिबात आवडत नाही, बाईला शिक्का मारल्यासारखा, वांझ नि काकवंध्येच्या (म्हणजे एकाच मुलावर थांबलेलीच्या) पंगतीतला. मुलं गेल्यावर झालेल्यांची नावं दगडू, धोंडू, केरू, भिकाजी ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून, म्हणजे गेलेल्यांची नोंद जगलेल्याच्या नावात. मला सांगायचंय ते आमच्या आजीचं. तिला कोणी किती मुलं विचारलं की ती म्हणायची, "झाली अकरा, आहेत सहा." दोन्ही आकडे एका दमात, आवाज न बदलता, आणि हात तांदूळ निवडतच असायचे. झाली आणि आहेत. तुमच्या डॉक्टरांचं पी आणि एल हेच की हो.

जाता जाता, आठव्यापेक्षा सातव्यातलं जगतं हे आजी पण म्हणायची. खरं आहे का ते?

----

(लेबर रूमवाली) अजिबात नाही. पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळ बरं, फुप्फुसं शेवटच्या आठवड्यांत तयार होतात. सातमासं जगलं की गावभर सांगतात, गेलं की कोणी बोलत नाही, म्हणून ते पसरलं असावं.

----

काल दुसरी व्हिजिट होती. तीच सिस्टर, तोच प्रश्न, विसरली होती साहजिकच. मी म्हटलं, झाली एक, आता नाहीये, हे दुसरं. या वेळी तिने वर बघितलं, मग "सिझर?" विचारलं आणि लिहून घेतलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त रिक्षात म्हणाल्या, पाठचं म्हण, दुसरं काय म्हणतेस.

बीपी 118/76. गोळी सुरू केलीये.