खटला स्टेट कोर्टातून फेडरल कोर्टात गेला, मदत हवी आहे (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत असते. पेनसिल्व्हेनियातल्या एका कंपनीच्या ट्रकने तिच्या गाडीला मागून ठोकलं. मणक्याचं ऑपरेशन झालं, अजूनही तिला फार वेळ बसवत नाही. वकिलांनी एसेक्स काउंटीच्या सुपीरियर कोर्टात दावा लावला होता. आता कंपनीने तो परस्पर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात नेलाय. दोन्ही कोर्टं नेवार्कमध्येच, पण यंत्रणा पूर्ण वेगळ्या.

आपल्याकडे जिल्हा न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी एकच उतरंड, त्यामुळे आईबाबांना हे समजावताना माझी दमछाक होतेय. मला कळलं ते असं: अपघाताचे दावे मुळात राज्याच्या कोर्टाचे. पण दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे किंवा एक परदेशी नागरिक असेल आणि रक्कम 75,000 डॉलरच्या वर असेल, तर प्रतिवादी 30 दिवसांत खटला फेडरल कोर्टात नेऊ शकतो. कायदा मात्र राज्याचाच लागतो.

खरी काळजी ज्यूरीची, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाची, आहे. न्यू जर्सीच्या कोर्टात दिवाणी खटल्यात सहापैकी पाच जणांचं मत पुरतं. फेडरलमध्ये साधारणपणे एकमत लागतं.

तिकडे असा खटला लढलेलं किंवा वकिली करणारं कुणी आहे का? खटला परत पाठवा असा अर्ज करण्यात अर्थ आहे का? मध्येच ग्रीन कार्ड मिळालं तर काही बदलतं का? अर्जाची मुदतही 30 दिवसांचीच आहे, म्हणून कृपया लवकर सांगा.