मदत हवी आहे: आडनाव बदलून आईचं लावायचंय, जुन्या पेपर्सचं काय करू आणि काकांना काय सांगू?

नमस्कार मंडळी, खूप दिवस डोक्यात घोळतंय, आता विचारूनच टाकते. मला आडनाव बदलायचंय. लग्नबिग्न काही नाही. वडील मी लहान असतानाच घर सोडून गेले, नंतर कधी फिरकले नाहीत, आणि तरी माझ्या प्रत्येक कागदावर, डिग्रीवर, ईमेल आयडीत त्यांचंच आडनाव. प्रगतीपुस्तकात पालकाच्या सहीच्या चौकटीत मात्र पहिलीपासून आईची सही, तीही पूर्ण नाव लिहून, ठसठशीत, नुसता फराटा मारलेला तिला चालायचा नाही. तर मला तिचं माहेरचं आडनाव लावायचंय.

अडचण अशी की मी रिसर्चमध्ये आहे, बरेच पेपर जुन्या नावाने छापलेत, उद्या नाव बदललं तर ते कुणा दुसरीचेच वाटतील. आणि दुसरं म्हणजे काका. वडिलांचे भाऊ, पण ते कायम आमच्या पाठीशी उभे राहिले त्यामुळे त्यांना उडवून लावता येत नाही. ते म्हणतात आडनाव पिढ्यानपिढ्या चालत येतं, ते असं कोणी बदलतं का. भावनिक भाषण माझं करून झालंय, काही ठोस उदाहरणं असतील तर द्या प्लीज.

उंटावरचा_शहाणा: काकांना तुर्कस्तान सांगा. तिथे 1934 चा कायदा येईपर्यंत बहुतेकांना आजच्यासारखं आडनावच नव्हतं, सरकार म्हणालं प्रत्येकाने एक घ्या. त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल, त्यांना तर ‘अतातुर्क’ हे आडनाव संसदेनेच दिलं. मंगोलियाची गंमत त्याहून भारी, तिथे कम्युनिस्ट राजवटीत 1920 च्या दशकात कुळनावं बंद केली, आणि 1990 नंतर परत लावा म्हणाले तेव्हा कित्येकांना आपलं कोणतं होतं हेच माहीत नव्हतं. मग भरपूर जणांनी थेट चंगीझ खानाचं बोर्जिगिन उचललं, म्हणजे हात मारायचाच तर मोठा मारावा. त्यांचे अंतराळवीर गुर्रागचा, 1981 ला जाऊन आलेले, त्यांनी ‘अंतराळ’ या अर्थाचं आडनाव घेतलं. ब्रिटनच्या राजघराण्याचं विंडसर पण 1917 चंच आहे, पहिल्या महायुद्धात जर्मन नाव अडचणीचं व्हायला लागलं म्हणून बदललं. राजाला चालतं तर तुम्हाला का नाही?

सांजवात: उदाहरणं मस्त आहेत पण याने काका गप्प बसतील, पटणार नाही त्यांना. मला वाटतं त्यांना असं ऐकू येतंय की पोरगी आमच्यातून निघून चालली. नाव काढून घेणं ही साधी गोष्ट नसतेच मुळी. बल्गेरियात 1984-85 च्या हिवाळ्यात तिथल्या तुर्की लोकांना जबरदस्तीने बल्गेरियन नावं घ्यायला लावली, 1990 मध्ये कायद्याने मूळ नावं परत घेता आली. कोरियात जपान्यांनी 1940 मध्ये तेच केलं. याच्या उलट अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स, त्यांनी ‘लिटल’ हे आडनाव टाकून दिलं कारण त्यांच्या मते ते पूर्वजांच्या गोऱ्या मालकाकडून आलेलं होतं. म्हणजे नाव काढून घेणं आणि नाव टाकून देणं, दोन्हीत माणसं दुखावलेलीच असतात. तुमचं भांडण वडिलांशी आहे, काकांशी नाही, हे त्यांना एकदा शब्दात सांगितलंत का? नसेल तर आधी ते करा, मंगोलिया नंतर.

फाईलवाली: मी कामाचं बोलते. सगळ्यात आधी ऑर्किड आयडी (ORCID, संशोधकांचा ओळख क्रमांक) काढा, 2012 पासून आहे, फुकट आहे. तो नंबर माणसाला चिकटलेला असतो, नावाला नाही, त्यात जुनं नाव ‘या नावानेही ओळख’ म्हणून टाकता येतं आणि सगळे पेपर एका जागी दिसतात. शिवाय 2020-21 पासून बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी छापून झालेल्या पेपरवरचं नावही बदलून द्यायला सुरुवात केलीय, मुख्यतः ट्रान्स लेखकांनी ती मागणी लावून धरली म्हणून. प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत, मेल टाकून विचारा.

कागदांचं म्हणाल तर कायदा देशागणिक वेगळा. ब्रिटनमध्ये सोळा पूर्ण असतील तर कोर्टात न जाता स्वतःच दस्त करता येतो, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कोर्टात अर्ज. कुठेही असा, जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही एकत्र असलेला जो कागद मिळेल ना, त्याच्या भरपूर प्रमाणित प्रती काढून ठेवा, पुढे जन्मभर कोणीतरी तो मागत राहतं. आणि मधल्या काळात परदेशी कॉन्फरन्स घेऊ नका, तिकीट एका नावावर आणि पासपोर्ट दुसऱ्या, मग काऊंटरवर बसा समजावत.

उंटावरचा_शहाणा: जपानी चित्रकार होकुसाईने म्हणे तीसेक नावं वापरली, त्याला ऑर्किड असता तर बरं झालं असतं 😄

धागाकर्ती: फाईलवाली ताई, थँक्यू, नेमकं हेच हवं होतं. सांजवात, नाही सांगितलं, खरंच नाही सांगितलं कधी. पण एक नवीनच घोळ झालाय. काल आईला विचारलं तर ती म्हणते, “माझं म्हणतेस ते तरी माझं कुठे, ते माझ्या वडिलांचं.” आता यावर काय बोलणार. एका बापाचं काढून दुसऱ्या बापाचं लावायचं असंच झालं की हे.

सांजवात: मग आडनाव राहू दे, आईचं पहिलं नाव लावा ना. आइसलँडमध्ये आडनाव नसतंच बहुतेकांना, वडिलांच्या नावाला मुलगा किंवा मुलगी जोडतात, पण आईचं नाव घेतलं तरी चालतं. त्यांचा फुटबॉलपटू होता हैदार हेल्गुसन, म्हणजे हेल्गाचा मुलगा. तुम्ही काही शेपूट लावायची गरज नाही, नुसतं तिचं नाव शेवटी.

फाईलवाली: चांगलं आहे, फक्त तुमच्याकडे आडनावाच्या जागी पहिलं नाव चालतं का ते अर्ज भरायच्या आधी विचारून घ्या, काही देशांत अडवतात. आणि जुनं आडनाव मधल्या नावात ठेवलंत तर काकांचाही प्रश्न थोडा सुटेल आणि पेपर शोधणाऱ्यांचाही.

धागाकर्ती: आईला विचारलं. लाजली, मग म्हणाली स्पेलिंग नीट घाल, ऑफिसात सगळे चुकीचं लिहितात. काकांकडे रविवारी जातेय. मधल्या नावाचं कोणी प्रत्यक्ष केलंय का, फॉर्ममध्ये मधलं नाव सक्तीचं नसेल तर ते गळून जातं का?