सोसायटी ग्रुपवरची चर्चा : राग चढल्यावर नेमकं काय करायचं?

ए-१०२ (सचिव): नमस्कार मंडळी. पुढच्या सभेत गळती, पार्किंग आणि वाढीव देखभाल खर्च असे तीन तापणारे विषय आहेत. ग्रुपवर समुपदेशक, डॉक्टर, शिक्षक सगळे आहेत. ‘शांत राहा’ हे सगळ्यांना पाठ आहे. पण पारा चढलेला असताना काय करायचं आणि किती वेळ करायचं, हे कुणी सविस्तर सांगेल का? घरीही उपयोगी पडेल असं सांगा.

बी-६०४: त्यात काय एवढं! पोटात ठेवायचं नाही. एकदा धाडकन बोलून टाकलं की वाफ निघून जाते. बोलता येत नसेल तर उशी बडवायची.

सी-५०१ (समुपदेशक): काका, ही वाफेची समजूत फार जुनी आहे, पण तपासून पाहिल्यावर टिकली नाही. २००२ साली ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या निबंधांवर खवचट शेरे मारून त्यांना मुद्दाम राग आणला. एका गटाने शेरा मारणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवली, दुसऱ्याने व्यायाम समजून बडवली आणि तिसरा गट २ मिनिटं नुसता बसून राहिला. पहिल्या गटाचा राग सगळ्यात जास्त निघाला आणि दुसऱ्याला त्रास देण्याची खुमखुमीही. काहीच न करता बसलेल्यांमध्ये ती सगळ्यात कमी होती.

२०२४ मध्ये सोफी क्येर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. सहभागी १० हजारांवर होते. निष्कर्ष असा की शरीराची खळबळ कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान, योग या सगळ्या त्यात आल्या. खळबळ वाढवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही.

बी-६०४: म्हणजे तरातरा पळायला जाणंही फुकटच? डॉक्टर तर उठता-बसता व्यायाम सांगतात.

सी-५०१ (समुपदेशक): रोजचा व्यायाम हवाच. पण राग आलेला असताना तो उतरवायला म्हणून धावणं उलटं पडू शकतं. धावण्याने राग वाढलेला त्या अभ्यासांत दिसला. छाती आधीच धडधडत असते, तिला आपण आणखी पळवतो आणि डोक्यात भांडण चालूच असतं. संथ चालणं ठीक आहे.

बी-३०३ (डॉक्टर): शरीराची बाजू मी सांगतो. राग आला की ॲड्रेनलिन सुटतं. नाडी आणि रक्तदाब वाढतात, स्नायू ताठतात, जबडा आवळला जातो. भांडण थांबलं तरी हे लगेच ओसरत नाही. नवरा-बायकोच्या वादांवर अनेक वर्षं काम केलेले जॉन गॉटमन किमान २० मिनिटांची विश्रांती सुचवतात. त्यांच्या मते नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं नीट कानात शिरतच नाही.

नाडी अशी मोजा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा (अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते). १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणा. बसल्या जागी १०० च्या वर असेल तर चर्चा तिथेच थांबवायची. एरवी निवांत असतानाचा आकडा माहीत असला तर अंदाज आणखी पक्का येतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी मात्र या आकड्यावर जाऊ नये. त्या औषधांनी नाडी दबलेली राहते. त्यांनी आवाज चढणं, कान तापणं, हात थरथरणं या खुणा बघाव्यात.

आणि ‘राग काय, येतो नि जातो’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२४ च्या एका प्रयोगात निरोगी माणसांना राग आणणारा प्रसंग फक्त ८ मिनिटं आठवायला लावला, तर रक्तवाहिन्यांची रुंदावण्याची क्षमता ४० मिनिटांपर्यंत घटलेली दिसली. निरोगी माणसाने एका चिडण्याने घाबरून जायचं कारण नाही. हृदयविकार असलेल्यांनी मात्र हे मनावर घ्यावं.

ए-३०१: डॉक्टर, २० मिनिटं गप्प बसायचं म्हणजे अबोलाच की. त्याने घरात आणखी पेटतं.

सी-५०१ (समुपदेशक): ताई, नेमकं तिथेच बिघडतं. विश्रांती आणि अबोला यांत फरक एका वाक्याचा आहे, ते वाक्य म्हणूनच उठायचं: “मला आत्ता राग आलाय, माझ्या तोंडून भलतंच जाईल. साडेनऊला पुन्हा बोलू.” यात तीन गोष्टी हव्यातच. राग आपला म्हणून सांगायचा, समोरच्यावर ढकलायचा नाही (“तू मला चिडवतोयस” नको). परत येण्याची घड्याळातली वेळ द्यायची. आणि त्या वेळेला खरंच यायचं. दोनदा आला नाहीत की तिसऱ्यांदा घरचे तुम्हाला उठूच देणार नाहीत, दारापर्यंत मागे येतील. त्यांचं चूक नाही.

हे वाक्य शांत असताना घरात ठरवून ठेवा. ऐन भांडणात पहिल्यांदा वापरलं तर ते पळवाटच वाटतं.

आता ती २० मिनिटं. बहुतेक जण दुसऱ्या खोलीत जाऊन मनातल्या मनात पुढचा वार घासत बसतात. “तो असं म्हणाला तर मी असं म्हणेन.” तसं केलं तर तासभर बसूनही राग तसाच. म्हणून हात आणि लक्ष दोन्ही गुंतवा.

पहिली ५ मिनिटं श्वास. नाकाने ४ आकडे मोजत आत, ६ मोजत बाहेर. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. लांब हवा तो सोडलेला श्वास. लोक उलट करतात, छाती फुगवून मोठमोठे श्वास ओढतात आणि मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, कारण शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तसं झालं तर मोजणं सोडून साधा श्वास घ्या.

मग स्नायू. मुठी ५ सेकंद आवळा, १५ सेकंद सोडा. तसंच खांदे कानापर्यंत उचलून सोडा, मग कपाळ, मग जबडा. जबडा नुसता सैल सोडला तरी चालतो, दात आवळायची गरज नाही. उरलेल्या वेळात कपड्यांच्या घड्या घाला, झाडांना पाणी घाला, काहीही करा. फोनवर स्क्रोल करू नका, तिथे चिडायला नवा माल तयार असतो.

बी-३०३ (डॉक्टर): रक्तदाब असलेल्यांनी स्नायू आवळताना श्वास रोखू नये, आणि अर्ध्याच जोराने आवळावं.

डी-२०४ (शिक्षिका): मुलांसाठी क्रम थोडा वेगळा. दोन-चार वर्षांचं मूल जमिनीवर लोळत असताना “काय झालं, सांग बरं” असे प्रश्न विचारले की भडका वाढतो. आकांताचा जोर सुरुवातीला जास्त असतो, मग रडणं उरतं. जोर असेपर्यंत जवळ बसा, टोकदार वस्तू दूर करा, मारायला आलं तर हात धरून “मारू देणार नाही” एवढंच म्हणा. जवळ घ्यायचं ते रडू उरल्यावर. ज्या हट्टासाठी आकांत केला तो शेवटी पुरवू नका, नाहीतर पुढच्या वेळी तेवढाच वेळ ओरडायचं हे ते शिकतं.

सी-४०२: माझ्या मते मुळात राग येऊच नये इतकं मन तयार करावं.

सी-५०१ (समुपदेशक): सर, तसा हट्ट धरला की माणूस राग गिळायला लागतो. आणि गिळलेला राग टोमण्यांतून, धुसफुशीतून, भांडी आपटण्यातून बाहेर पडतोच. नाहीतर वड्याचं तेल वांग्यावर, साहेबांवरचा मुलांवर. काहीतरी अन्याय्य घडतंय किंवा आपली हद्द कुणीतरी ओलांडतंय, एवढी खबर राग देतो. ती खबर चुकीचीही असू शकते. म्हणून शरीर आधी उतरवायचं, मग तपासायचं आणि खरी निघाली तर बोलायचंच. बोलणं टाळलं तर तोच राग पुढच्या आठवड्यात परत येतो.

तपासण्यासाठी दोन आठवडे नोंद ठेवा. रोज नाही, चिडलात त्या दिवशीच. एक नमुना देते:

‘संध्या. ७.४०. गाडीमागे दुसऱ्याची गाडी लावलेली. झोप ५ तास, दुपारपासून पोटात काही नाही. कान तापले. मनातलं वाक्य : यांना माझी काडीची किंमत नाही. राग १० पैकी ८. केलं : खालून हाका मारून ओरडलो. नंतर : गाडी निघाली, दोन दिवस बोलणं बंद.’

यातलं सोनं आहे ‘मनातलं वाक्य’. गाडी आडवी आहे ही वस्तुस्थिती, ‘काडीची किंमत नाही’ हा आपला अर्थ. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली ती याच धाग्यावर. ‘लोकांनी नीट वागावं’ ही इच्छा असते, तिचं ‘वागलंच पाहिजे’ असं फर्मान झालं की संताप होतो. वाक्य पुन्हा लिहा : ‘चुकीची लावली आहे, मला उशीर होतोय, काढून घ्यायला सांगतो.’ राग ८ चा ४ होईल, शून्य नाही होणार. ४ पुरे. गाडी काढून घ्या म्हणून सांगण्यापुरता जोर त्यात असतो.

आठ-दहा नोंदी झाल्या की झोप, भूक, घाई यांचा हिशेब आपोआप दिसतो. आणि एक लक्षात ठेवा, ७ च्या वर गेल्यावर विचार तपासायच्या भानगडीत पडू नका, तिथे फक्त श्वास आणि विश्रांती. विचारांचं काम ३-४ वर असतानाच होतं.

ए-३०५ (मध्यस्थीचं काम करतात): मी ग्रुपवरच्या मेसेजबद्दल लिहितो, कारण अर्धी भांडणं इथे सुरू होतात. कल्पित उदाहरण घेऊ :

‘किती वेळा सांगायचं? तुमच्यामुळे आमचं घर सडतंय. माणुसकी आहे की नाही?’

दोन प्रश्न आहेत आणि दोघांचंही उत्तर देता येत नाही. काय करायला हवं ते कुठेच नाही. वाचणारा गळतीचं सोडून स्वतःच्या माणुसकीची बाजू मांडायला लागतो. आता हेच :

‘तुमच्या बाथरूमखाली आमच्या छताला सोमवारपासून ओल आहे, डाग ताटाएवढा झालाय. शेजारीच दिव्याची वायर असल्याने काळजी वाटते. शनिवारी १० ते १२ मध्ये प्लंबरला तुमच्याकडे बघू द्याल का? जमत नसेल तर उद्यापर्यंत दुसरी वेळ कळवा.’

आधी डोळ्यांना दिसणारं, मग त्याचा आपल्यावर परिणाम, मग हो-नाही उत्तर देता येईल अशी एकच मागणी आणि मुदत. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘मुद्दाम’ हे शब्द खोडा. ‘मला वाटतं की तुम्ही बेफिकीर आहात’ हे भावना सांगणं नव्हे, तो नुसता मऊ केलेला आरोप आहे. मसुदा चॅटच्या चौकटीत लिहू नका, बोट लागतं आणि जातो. वेगळ्या नोंदवहीत लिहा, तासाने वाचा. आणि ग्रुपवर नको, थेट त्या माणसाला पाठवा. चारचौघांत आरोप झाला की कोणीही आधी आपली अब्रू सांभाळतो.

बी-६०४: हे सगळं आपण केलं. समोरचाच मुद्दाम डिवचत असेल तर?

ए-३०५ (मध्यस्थीचं काम करतात): काका, तेव्हा नवे मुद्दे काढायचे नाहीत. आवाज एक पट्टी खाली, वेग कमी, शक्य तर बसून, एकच वाक्य पुन्हा : “शनिवारी प्लंबर बघू शकेल का?” तीनदा विचारून उत्तर नाही मिळालं तर “मग मी लेखी अर्ज देतो” म्हणून उठा. धमकी म्हणून म्हणू नका, खरंच द्यायचा असेल तरच म्हणा. आणि चिडलेल्या माणसाला “आधी शांत व्हा” म्हणू नका. त्याने शांत झालेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. “ओल तीन महिन्यांपासून आहे, बरोबर ना?” असं त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवलं तर आवाज खाली येण्याची शक्यता जास्त.

बी-३०३ (डॉक्टर): कधी तज्ज्ञाकडे जायचं तेही लिहून ठेवतो. कारणाच्या मानाने फार मोठे उद्रेक तीन महिने आठवड्यातून सरासरी दोनदा होत असतील, किंवा वर्षभरात तीनदा वस्तू फोडण्यापर्यंत किंवा कुणाला इजा होण्यापर्यंत गेले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी उपचार आहेत. चिडचिड नव्याने आणि अचानक सुरू झाली तर थायरॉइड, नैराश्य, झोपेचा विकार, नवीन चालू झालेलं औषध, दारू यांपैकी काही आहे का ते बघावं लागतं. म्हाताऱ्या माणसाचा स्वभावच बदलला तर ‘वयोमानाने’ म्हणून सोडू नका.

सी-५०१ (समुपदेशक): आणि घरात मारहाण होत असेल किंवा कुणी घाबरून राहत असेल, तर वरचं श्वास-संवाद प्रकरण तिथे लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा आणि बाहेरची मदत. “तूच नीट बोलून बघ” हा सल्ला अशा घरात धोक्याचा ठरतो.

ए-१०२ (सचिव): सगळ्यांचे आभार. सभेसाठी असं करू का : प्रत्येकाला २ मिनिटं, मधे बोलायचं नाही. आवाज चढले की २० मिनिटं सुट्टी.

ए-३०१: दोन सुट्ट्या झाल्या तर रात्रीचे अकरा वाजतील. सगळ्यात तापणारा विषय पहिला घ्या, लोक ताजे असतात.

ए-१०२ (सचिव): पटलं. गळती पहिली, खर्च दुसरा, पार्किंग वेळ उरला तर.

ए-३०५ (मध्यस्थीचं काम करतात): सुट्टीत जिन्यात घोळके करून त्याच विषयावर बोललं तर सुट्टीचा उपयोग शून्य. आणि परत आल्या आल्या मतदान घेऊ नका, आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं तुम्ही एकेका वाक्यात वाचून दाखवा.

सी-५०१ (समुपदेशक): सुट्टी मागायचा हक्क कुणालाही, कारण न देता. फक्त स्वतःसाठी मागायची. “यांना जरा सुट्टी द्या” असं दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हटलेलं सचिवांनी मोजायचं नाही.