पापणीवरची गाठ पुन्हा आली, तरी थेंबच लिहायचे का?

नेत्रवैद्य_कराड
माझं काम पापण्यांच्या शस्त्रक्रियांचं. मत सरळ मांडतो: पापणीवर त्याच जागी पुन्हा गाठ आली, तर फॅमिली डॉक्टरांनी थेंब-मलम थांबवून रुग्णाला पुढे पाठवावं. निदान त्यांनी करावं असं माझं म्हणणं नाही.

रांजणवाडी दुखते, लाल होते, आठवड्याभरात पिकून बसते. कॅलेझिऑन, म्हणजे पापणीतली तैलग्रंथी तुंबून आलेली गाठ, सहसा दुखत नाही, गोळीसारखं हाताला लागतं आणि शेक देत राहिलं की बहुतेकदा महिना-दोन महिन्यांत जिरतं. याच दोघांच्या रूपात पापणीतल्या तैलग्रंथींचा कर्करोग येतो, सिबेशियस कार्सिनोमा. युरोप-अमेरिकेत पापणीच्या कर्करोगांत बेसल सेल नावाच्या त्वचेच्या कर्करोगाचाच भरणा. तो सावकाश वाढतो आणि सहसा दुसरीकडे पसरत नाही. आपल्याकडे सिबेशियसचं प्रमाण तिकडच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि तो कानापुढच्या, मानेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत पसरतो. वरच्या पापणीत या ग्रंथी जास्त, म्हणून तिथे तो अधिक आढळतो.

रुग्ण पन्नाशीपुढचा आहे का, गाठीवरचे केस गळलेत का, एकाच डोळ्याच्या पापणीची कड महिनोन्महिने लाल आहे का, एवढं बघायला कुठलंही यंत्र लागत नाही.

माणदेशी_दवाखाना
सर, आदर ठेवून विरोध करतो. मी बीएएमएस, आठवडी बाजाराच्या गावात बसतो. ‘पुढे पाठवा’ म्हणायला सोपं. ऊसतोडीची बाई तालुक्याला गेली की तिची आणि सोबतच्याची मजुरी बुडते. तिथे डोळ्यांचे डॉक्टर रोज नसतात. बहुतेक गाठी साध्याच निघतात. विनाकारण चार जणांना पाठवलं, तर पाचवा माझ्याकडे येणारच नाही; लवंग उगाळून लावेल नाहीतर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब घेईल. त्यापेक्षा माझ्या नजरेखाली राहिलेला बरा.

नेत्रवैद्य_कराड
मजुरीचा मुद्दा खराच आहे. म्हणूनच पहिल्या गाठीला पाठवू नका म्हणतो. विशीतल्या मुलाला शेक सांगा, थांबा. पण साठीच्या आजींची गाठ तिथेच परत आली आणि केसही गेलेत, तर ‘नजरेखाली’ ठेवून काय साधणार? स्टेरॉइडने लाली उतरते, गाठ आत वाढतच राहते. उशिरा आलेल्या रुग्णाची कधीकधी पापणीच नव्हे, डोळाही काढावा लागतो. त्या घराची मजुरी किती बुडते?

पॅथलॅब_सोलापूर
सगळा दोष फॅमिली डॉक्टरांवर टाकू नका. नेत्रतज्ज्ञ कॅलेझिऑन खरवडतात आणि आतला ऐवज कितीदा बोळ्यासोबत कचऱ्यात जातो! पुन्हा आलेल्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, घालून आमच्याकडे यायलाच हवा. तुम्ही तपासणीला पाठवणार नसाल, तर गावातल्या डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवून उपयोग काय?

नेत्रवैद्य_कराड
मान्य. हा नियम आधी आम्हालाच लागू व्हावा.

सानिकाची_आई
थोडं वेगळं लिहिते. माझ्या लेकीच्या डोळ्यात बाहुलीच्या जागी पांढरी चमक दिसायची, फ्लॅशच्या फोटोत तर हमखास. डोळा किंचित तिरळाही झाला होता. दवाखान्यात सांगितलं, ‘लहान मुलांचं असतं, मोठी झाली की जाईल.’ ते रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग, निघालं. एक डोळा गेला, लेक वाचली. डॉक्टर, कर्करोग ओळखा असं मी म्हणत नाही. पण आई पांढरी चमक म्हणते, तेव्हा त्याच आठवड्यात मोठ्या ठिकाणी पाठवा.

माणदेशी_दवाखाना
ताई, इथे माझा वाद नाही. पाच वर्षांखालचं मूल आणि बाहुलीत पांढरं दिसलं, तर मी स्वतः फोन करून पाठवेन. मोतीबिंदू निघाला तरी त्यालाही घाईच असते. पण सरसकट प्रत्येक बाळाच्या डोळ्यातली लाल चमक (निरोगी बाहुलीत उजेड टाकल्यावर दिसते ती) तपासा म्हणाल, तर ऑफ्थॅल्मोस्कोप, डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, कुठाय? मोबाइलची बॅटरी मारून चुकीची भीती घालायची का?

लसीकरण_परिचारिका
नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला बाळ येतंच. खोलीत अंधार करून हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपने दोन्ही डोळे बघायला फार वेळ लागत नाही. उपकेंद्राला एक ऑफ्थॅल्मोस्कोप द्या, शिकवा, आम्ही करू. ज्या घरात हा आजार झालाय, तिथल्या भावंडांचे डोळे मात्र तज्ज्ञांकडूनच तपासायला हवेत. तो आनुवंशिक असू शकतो.

माणदेशी_दवाखाना
उपकरण मिळालं तर मीही शिकेन. पापणीच्या गाठीबद्दल माझं म्हणणं अजून तेच आहे: तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञांचा वार पक्का कळवा आणि पाठवलेल्या रुग्णाचं काय निघालं त्याची चिठ्ठी परत द्या. आजवर एकही आलेली नाही.