मूठमाती : माणसाला देतात की रूढीला?

प्रश्न

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक गेले. शाळा मिशनची, सर स्वतः ख्रिस्ती, पण त्यांचा धाक आणि त्यांची माया सगळ्यांच्या वाट्याला सारखीच आली. मी आणि माझा नवरा दोघंही त्यांचे विद्यार्थी. सासूबाईंना आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही गेलो होतो. आधी चर्चमध्ये उपासना, मग दफनभूमी. पाळकांची प्रार्थना झाल्यावर एकेकाने पुढे होऊन मूठभर माती टाकली. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनेही.

रात्री, येऊ न शकलेल्या वर्गमित्रांसाठी चार ओळी लिहिल्या. त्यात ‘आज आपण सरांना मूठमाती दिली’ असं होतं. दहा मिनिटांत एकाचा निरोप : ‘अगं, शब्द बदल. मूठमाती वाईट चालींना देतात.’ मी ओळ खोडली. आता तिथे ‘सरांचा अंत्यसंस्कार पार पडला’ असं आहे आणि ते वाचताना सभेचा वृत्तान्त वाचल्यासारखं वाटतं. माझं खरंच चुकलं होतं का?

शिवाय घरी येताना लेकीने विचारलं, ‘आई, सरांना पुरलं म्हणायचं की गाडलं?’ माझ्या तोंडून दोन्ही निघेना.

प्रतिसाद १

ताई, अर्थाच्या बाजूने तुमचं काही चुकलेलं नाही. मूठमाती म्हणजे मृताला दिलेली मूठभर माती, म्हणजेच दफन. हाच मूळ अर्थ. पुढे समाजसुधारणेच्या भाषणांत आणि अग्रलेखांत ‘या रूढीला मूठमाती द्या’ इतक्या वेळा आलं की अलंकारानेच मूळ शब्द बळकावला. आता शब्द ऐकला की आधी हुंडा आठवतो, माणूस नंतर.

तिलांजलीचं अगदी हेच झालं. मृताला तीळ आणि पाणी ओंजळीने देणं ती तिलांजली. आज कोणी आजोबांना तिलांजली दिली असं लिहिलं तर वाचणारा दचकेल. एक फरक मात्र मजेदार आहे. तिलांजली आपण आवडत्या गोष्टींनाही देतो : स्वप्नांना, सुखाला, चांगल्या नोकरीला. मूठमाती जाते ती वैराला, अंधश्रद्धेला, जुन्या भांडणाला. म्हणजे एकीत नाइलाज उरला, दुसरीत सुटका. तुमच्या मित्राला खुपली ती ही सुटकेची छटा. अंजलीवाल्या शब्दांत श्रद्धांजली तेवढी अजून निर्मळ राहिली आहे.

प्रतिसाद २

मुलीचा प्रश्न जास्त चांगला आहे. पुरणं आणि गाडणं यांत हाताचा फरक आहे. पुरतो ते जपून : धन पुरतात, रोपाची मुळं पुरतात. गाडण्यात जोर आहे, कधी राग. ‘गाडून टाकीन’ ही धमकी होते, ‘पुरून टाकीन’ म्हटलं तरी तितका दम येत नाही. दरड कोसळली की माणसं ढिगाऱ्याखाली गाडली जातात, पुरली जात नाहीत. म्हणून ‘गाडलं’ तर नकोच. ‘पुरलं’ चुकीचं नाही, पण माणसाबद्दल उघडं वाटतं. ‘दफन केलं’ हा अरबीतून आलेला शब्द मराठीत अंतर राखून, आदराने वागतो. परकेपणाचा कधी कधी असा फायदा होतो.

प्रतिसाद ३

मी मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. आमच्या घरात म्हणतात ‘माती दिली’. मूठ गाळायची की झालं. ‘उद्या चारला माती आहे’ एवढ्यावर सगळ्यांना कळतं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं ‘तू माती आहेस आणि मातीत परत जाशील’ हे वाक्य लहानपणापासून कानावर असतं, त्यामुळे त्या शब्दात आम्हाला हीनपणा दिसत नाही.

बातमी देताना ‘सर प्रभूमध्ये निजले’ असंही म्हणतो. हा नुसता हळुवारपणा नव्हे. बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्तेफन नावाच्या ख्रिस्तभक्ताला दगडमार होतो आणि शेवटी लिहिलंय की तो झोपी गेला. मेलेल्या लाजराबद्दल येशू म्हणतो, तो झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. निजलेला उठणार, हा त्यातला विश्वास आहे. आणि पत्रिकेवर, फलकावर नावाआधी ‘कै.’ घालू नका. कैलासवासी म्हणजे शंकराच्या लोकी गेलेला. आमच्यात ‘ख्रिस्तवासी’ लिहितात. ‘दिवंगत’ कोणालाही चालतं.

प्रतिसाद १

वरच्या निजण्यावरून आठवलं. इंग्रजीतल्या सेमेटरी या शब्दाच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे ‘कोइमेटेरिऑन’, म्हणजे निजायची जागा. आणि आपल्याकडे प्राचीन पंडित यास्क ‘निरुक्त’ या शब्दांची मुळं सांगणाऱ्या ग्रंथात श्मशान शब्द श्मशयन असा फोडतो : श्म म्हणजे शरीर, ते जिथे पहुडतं ती जागा. आजच्या भाषाशास्त्राला ही फोड पटेलच असं नाही, पण दोन दूरच्या भाषांतल्या माणसांना तीच कल्पना सुचावी याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

‘अंत्यसंस्कार’ मात्र बदलायची गरज नाही, कोरडा असला तरी सर्वांना चालतो. ‘अंत्येष्टी’ टाळा. त्यात इष्टी आहे, म्हणजे यज्ञ. तो शब्द अग्नीशी बांधलेला आहे.

प्रतिसाद ४

‘माती’ फक्त ख्रिस्ती घरातच म्हणतात असं नाही हं. खेड्यात ‘मातीला गेलो होतो’ हे चितेला अग्नी दिला तरी म्हणतात. मयतीला जाणं तसंच. मयत अरबी, पण आमच्या आजीला हे कोणी सांगितलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं. मला विचाराल तर ‘सरांच्या मातीला गेलो होतो’ यापेक्षा जवळचं वाक्य नाही. शहरातल्या गटात कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ओळ बदलली : ‘आज सरांना माती दिली. घरचे सगळे होतो.’ ज्याने हटकलं होतं त्याने फक्त हात जोडलेलं चिन्ह पाठवलं, म्हणजे पटलं असावं. लेकीलाही हेच सांगितलं. तिचं म्हणणं, तिने दोनदा दिली, कारण पहिल्या वेळी मुठीतली अर्धी फ्रॉकवरच सांडली.

एक शंका राहिली. खाली मी ‘सरांचे पार्थिव शरीर’ लिहिलंय. सासूबाई म्हणतात नुसतं ‘पार्थिव’ पुरे.

प्रतिसाद २

दोन्ही चालतं. पार्थिव हे मुळात विशेषण, पृथ्वीपासून झालेलं, म्हणजे मातीचं. वर्तमानपत्रांनी शरीर गाळून त्याचं नाम केलं आणि ते आता रुळलंय. पण तुमच्या त्या दोन ओळींखाली ते हवंच कशाला? माती एकदा आली आहे.