स्लॅकलाइन की एकचाकी सायकल? निवडीसाठी मदत हवी आहे

रोज सकाळी मला जेमतेम अर्धा तास मोकळा मिळतो. तेवढ्या वेळात तोल सांभाळण्याचे दोन छंद जोपासणे शक्य नसल्यामुळे एकाचीच निवड करायची आहे. माझे वय ४२ असून उजवा घोटा पूर्वी एकदा चांगलाच मुरगळला होता. आता तो दुखत नाही, पण त्याच्यावर माझा अजून पुरता भरवसा नाही.

स्लॅकलाइन मित्राकडे दोनदा करून पाहिली. दोन झाडांमध्ये गुडघ्याइतक्या उंचीवर ताणलेली ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी पाहून यात अवघड ते काय, असे वाटले होते. प्रत्यक्षात एका पायावर वजन टाकताच पट्टी डावी-उजवीकडे अशी थरथरू लागली की मी ती मुद्दाम हलवतो आहे असे मित्राला वाटले. पायांकडे बघणे सोडून समोरच्या बुंध्यावर नजर रोखली, गुडघे किंचित वाकवले आणि हात खांद्यांच्या वर मोकळे ठेवले, तेव्हा कुठे तीन पावले पडली. त्या तीन पावलांचा आनंद काही औरच होता! मात्र पुरेशी जाड झाडे शोधणे, सालीला इजा होऊ नये म्हणून बुंध्याभोवती जाड कापड गुंडाळणे आणि पट्टी ताणणे यातच माझा निम्मा वेळ जाईल.

एकचाकीला सपाट जागा पुरते. २० इंची चाकाची सायकल मी भिंतीला धरून चालवून पाहिली. साध्या सायकलसारखे फ्रीव्हील तिला नसल्याने चाक फिरते तोवर पॅडलही फिरतच राहते, त्यामुळे पायांना क्षणाचीही उसंत नाही. वजन सीटवर द्यायचे हे कळत होते, पण भीतीपोटी मी पॅडलवरच उभा राहत होतो. शेवटी चाक पुढे निसटले आणि पॅडलच्या दात्यांनी नडगी सोलून काढली. तरीही, खरे सांगायचे तर, माझा कल थोडा एकचाकीकडेच आहे.

दोन्ही प्रकार केलेल्यांना विचारायचे आहे की, कमकुवत घोट्याला यातले अधिक सोसवेल असे काय? स्लॅकलाइनवर मुख्यतः आडवा तोल साधावा लागतो, तर एकचाकीवर पुढे-मागे झुकण्यावरही सतत लक्ष ठेवावे लागते. मग एकीचा सराव दुसरीवर कितपत उपयोगी पडतो? आणि माझी उंची ५ फूट १० इंच असल्याने शिकण्यासाठी २० इंची चाकच घ्यावे, की थेट २४ इंची घेतलेले बरे?