चार वर्षांच्या मुलाला हार्नेसच्या सीटमधून बूस्टरवर कधी आणावं?

ईशानची_आई (पुणे)

नमस्कार. ईशान चार वर्षं दोन महिन्यांचा आहे. काल दाराच्या चौकटीला उभा करून मोजला: उंची १०४ सेमी, वजन १६.८ किलो. त्याची सीट पुढे तोंड करून बसायची, पाच पट्ट्यांच्या हार्नेसची. मर्यादा १८ किलो. पट्टे सगळ्यांत वरच्या खाचेत लावलेत, खांदे त्या खाचेच्या बोटभर खाली आहेत.

गणपतीला कोल्हापूरला जायचंय. नणंदेने तिच्या मुलीचं बूस्टर (मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट लावायची सीट) दिलंय, नुसती बैठक आहे, पाठ नाही. घरात सगळ्यांना वाटतं, आता चार पूर्ण झाली, मोठी सीट काढून टाका, मागे जागाही होईल. सासूबाई म्हणतात, "कशाला पोराला बांधून ठेवता, मी घेते मांडीवर." त्या प्रेमानेच म्हणतात, त्यामुळे नाही म्हणताना मला फार जड जातं.

गाडी जुनी आहे. मागे दोन्ही खिडक्यांकडे खांद्यावरून येणारा बेल्ट आहे, मधल्या जागी फक्त कमरेचा. आम्ही चौघं मोठे आणि ईशान. कात्रजपर्यंत तो बडबड करतो आणि खंबाटकीच्या आधी हमखास झोपतो. बूस्टरवर आणू का?

दोन_लेकींचा_बाबा (नाशिक)

ताई, आत्ता आणू नका. हीच घाई मी थोरलीच्या वेळी केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिला चौथ्या वाढदिवसाला बूस्टर आणलं. तीही खूश, "मी मोठ्यांचा बेल्ट लावते" म्हणून. पंधरा दिवसांनी ठाण्याला निघालो. कसारा घाटात आरशात पाहिलं तर ती झोपून दाराकडे कलंडलेली, खांद्याचा बेल्ट काखेखाली गेलेला आणि कमरेचा बेल्ट सरकत पोटावर आलेला. घाटात थांबायला जागा नाही. खाली उतरेपर्यंत मी गाडी कशी चालवली ते माझं मला माहीत. परत आल्यावर माळ्यावरून जुनी सीट काढली आणि तिची मर्यादा संपेपर्यंत, पुढचे दहा महिने, तीच वापरली.

नंतर वाचून समजलं की दोन्ही सीटचं काम मुळातच वेगळं आहे. हार्नेसमध्ये सीट मुलाला धरते. बूस्टर कोणालाच धरत नाही, ते फक्त मुलाला उंच करतं, म्हणजे गाडीचा बेल्ट योग्य हाडांवर बसावा. मोठ्यांच्या कमरेच्या हाडाला पुढे जे उंचवटे असतात, त्यांना कमरेचा पट्टा अडतो. लहान मुलांचे उंचवटे अजून तयार झालेले नसतात. पट्टा वर सरकला की टकरीचा सगळा जोर पोटावर येतो, आणि तिथे आतडी आहेत. म्हणून बूस्टरवर मूल प्रवासभर सरळ बसलं तरच उपयोग. जागेपणी सरळ बसणारं मूल झोपेतही तसंच राहील असं नाही. तुमचा ईशान खंबाटकीला झोपतो म्हणता, तर मला तिथेच उत्तर दिसतं.

तुमच्या सीटला अजून जागा आहे. पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर हवेत. खांदे वरच्या खाचेच्या वर गेले किंवा वजन १८ झालं, यांतलं जे आधी होईल तेव्हा सीट संपली. या वयात मुलं वर्षाला साधारण दोन किलोने वाढतात, म्हणजे तुमच्याकडे अंदाजे सहा-सात महिने आहेत. दर महिन्याला चौकटीवर खूण करा.

आणि मधल्या जागी बूस्टर कधीच ठेवू नका. नुसत्या कमरेच्या बेल्टवर बूस्टर चालत नाही.

निवृत्त_मास्तर (सांगली)

सूनबाईंनी सासूबाईंना हे वाचून दाखवावं. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि नातवाला मांडीवर घेऊन हिंडणाराही मीच होतो.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. टक्कर होऊन गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. ऋण त्वरण १४० झालं, गुरुत्वाच्या चौदा पट. १६.८ किलोचं मूल त्या क्षणी हातांना सुमारे २४० किलोचं लागेल. महामार्गावर आपला वेग ५० नसतो. वहिनी, माया कितीही असली तरी २४० किलो कोणाच्या हातांना पेलत नाही. हे गणित मी स्वतःसाठी मांडलं आणि त्या दिवसापासून नातवाला मांडीवर घेतलं नाही. त्याच्या शेजारी बसतो, गोष्टी सांगतो, पाणी देतो.

कायदाही तेच सांगतो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालसीटशिवाय असेल तर १,००० रुपये दंड.

नेकारकाठची (श्टुटगार्ट)

इथे जर्मनीत बारा वर्षं किंवा १५० सेमी, यांतलं जे आधी होईल तोवर मुलांची सीट सक्तीची आहे. माझा मुलगा साडेआठ वर्षांचा, अजून पाठीच्या बूस्टरवर बसतो. वर्गातली सगळीच बसतात, त्यामुळे त्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

ईशानची आई, वेळ येईल तेव्हाही बिनपाठीचं नको. युरोपच्या नव्या नियमात, आर-१२९ मध्ये, नुसती बैठक १२५ सेमीच्या पुढे. पाठीचं बूस्टर खांद्याचा बेल्ट जागेवर ठेवतं आणि झोपेत डोक्याला बाजूने आधार देतं. नणंदबाईंचं बूस्टर जपून ठेवा, तीन-चार वर्षांनी कामी येईल. फक्त ते कधी अपघातात सापडलं होतं का ते विचारा, आणि मागचं लेबल वाचता येतं का ते बघा. अपघात झालेली सीट बाहेरून धड दिसली तरी वापरायची नाही.

ईशानची_आई (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांचं गणित सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "दोनशे चाळीस म्हणजे आपल्या गव्हाची पाच पोती की रे." पुन्हा मांडीचा विषय काढला नाही.

जागेचंही जमलं. सासरे पुढे. ईशानची सीट मागे डाव्या खिडकीशी, म्हणजे त्याला रस्त्याच्या कडेलाच उतरवता येईल. सासूबाईंना उजवीकडे पूर्ण बेल्ट, मधे मी. माझ्या वाट्याला कमरेचा पट्टा येतो, पण आत्ता तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

बाबा, एक विचारायचं राहिलं. बूस्टर सुटायची वेळ कशी ओळखायची? थोरलीचं कसं ठरवलंत?

दोन_लेकींचा_बाबा (नाशिक)

ती अजून सुटलेली नाही. नऊ वर्षांची आहे, १३३ सेमी. दर उन्हाळ्यात तिला बूस्टरशिवाय बसवून बघतो: पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, कमरेचा पट्टा मांड्यांवर राहतो का, दुसरा गळ्याला न घासता खांद्याच्या मधोमध येतो का, आणि इगतपुरीपर्यंत ती तशीच बसते का. यंदा गुडघे अडले, पाय सरळच राहतात आणि ती पुढे घसरते. साधारण १४५ सेमीच्या आसपास जमतं म्हणतात. पुढच्या मे महिन्यात परत बघू.